ऊस वाहतुकीची ट्रॅक्टर-ट्रॉली : राज्याची सीमा ओलांडताना कोणता कायदा लागतो?

कोल्हापूर जिल्ह्यात गळीत हंगाम सुरू झाला की कागल, शिरोळ, हातकणंगले, गडहिंग्लज या तालुक्यांतील रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. आपला जिल्हा कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्याला लागून आहे. कागलहून निपाणी आणि गडहिंग्लजहून संकेश्वर ही अंतरे थोडी आहेत. काही शेतकऱ्यांची जमीन एका राज्यात आणि घर दुसऱ्या राज्यात आहे. त्यामुळे एमएच-०९ क्रमांकाचा ट्रॅक्टर चिक्कोडी भागात आणि केए-२३ क्रमांकाचा ट्रॅक्टर कागल भागात दिसणे ही नित्याची गोष्ट आहे.

अशा वेळी शेतकऱ्यांच्या मनात काही प्रश्न हमखास येतात. आपल्याकडे चालणारी कागदपत्रे पलीकडे चालतात काय? ट्रॉलीला वेगळी नोंदणी लागते काय? दंड दोन्हीकडे सारखाच असतो काय? माहिती नसल्यामुळे गाडी रस्त्यात अडकते, तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते आणि दंडही भरावा लागतो. अपघात झाला तर भरपाईचा बोजा कित्येकदा जमीन विकण्यापर्यंत नेतो. म्हणून हंगामापूर्वीच हा विषय समजून घेणे हिताचे आहे.

कायदा कोणाचा, केंद्राचा की राज्याचा?

राज्यघटनेप्रमाणे यंत्रचलित वाहने हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र व राज्य दोघेही कायदा करू शकतात. वाहनावरील कर हा विषय मात्र राज्य सूचीत आहे. त्यामुळे वाहनाची नोंदणी, चालकाचा परवाना, विमा व वजनाची मर्यादा या मुख्य बाबी केंद्राच्या मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे साऱ्या देशात एकसारख्या आहेत. हा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याखाली केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ आहेत. याशिवाय प्रत्येक राज्याचे स्वतःचे नियम असतात. महाराष्ट्र मोटार वाहन नियम, १९८९ आणि कर्नाटक मोटार वाहन नियम, १९८९ हे निरनिराळे आहेत. करासाठी आपल्याकडे १९५८ चा, तर कर्नाटकात १९५७ चा कायदा आहे.

थोडक्यात, पाया एकच आहे; त्यावरच्या काही भिंती प्रत्येक राज्याने आपापल्या बांधल्या आहेत. कोणती बाब पायात मोडते आणि कोणती भिंतीत, हे कळले की निम्मी अडचण दूर होते.

सर्व राज्यांत सारख्या असणाऱ्या बाबी

१) ट्रॉली हे स्वतंत्र वाहन आहे : ट्रॉली म्हणजे ट्रॅक्टरचे अवजार, असा समज सर्वत्र आहे. तो बरोबर नाही. कायद्यातील 'मोटार वाहन' या शब्दाच्या व्याख्येतच ट्रेलरचा, म्हणजे आपल्या ट्रॉलीचा समावेश आहे. तिला इंजिन नसले तरी ती नोंदवावी लागते. कलम ६१ प्रमाणे नोंदणीची सर्व कलमे ट्रॉलीला लागू आहेत. गावातील वर्कशॉपमधून ट्रॉली बांधून घेताना विक्री प्रमाणपत्र व रस्त्यावर चालविण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र मिळणार काय, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. ही कागदपत्रे नसतील तर नोंदणी अडते. विनानोंदणी वाहन चालविल्यास पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

२) नोंदणी देशभर चालते : कलम ४६ प्रमाणे एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात चालविण्यासाठी पुन्हा नोंदवावे लागत नाही. मात्र वाहन दुसऱ्या राज्यात सलग १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवल्यास कलम ४७ प्रमाणे तेथील क्रमांक घ्यावा लागतो. एका हंगामापुरते जाऊन परत येणाऱ्यास ही अडचण नाही. परंतु पलीकडच्या शेतावर ट्रॅक्टर कायमचा ठेवणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

३) चालकाचा परवाना देशभर चालतो : एका राज्यात दिलेला चालक परवाना सर्व राज्यांत ग्राह्य असतो. ज्या ट्रॅक्टरचे रिकामे वजन ७,५०० किलोपेक्षा जास्त नाही तो हलक्या मोटार वाहनांत मोडतो. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून माल नेला म्हणून ट्रॅक्टरचा परवाना निरुपयोगी ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला. हलक्या वाहनाचा परवाना असणारा चालक ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहनही चालवू शकतो, हे पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले. तरीही भाड्याने जड वाहतूक करणाऱ्या चालकाने त्या वर्गाचा परवाना काढून ठेवणे केव्हाही चांगले.

४) अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती ट्रॅक्टर देऊ नये : शेतात चालवितो म्हणून पोरगा रस्त्यावरही चालवील, असे म्हणणे महागात पडते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणीही १२ महिन्यांसाठी रद्द होते.

५) वजनाची मर्यादा : कलम ११३ प्रमाणे नोंदणी पुस्तकात (आर.सी. बुकात) लिहिलेल्या एकूण वजनापेक्षा जास्त वजन भरता येत नाही. ही मर्यादा त्या वाहनाची असते, राज्याची नसते. सीमा ओलांडल्याने ती कमी-जास्त होत नाही.

राज्यागणिक बदलणाऱ्या बाबी

१) वाहन कर : कराचा दर, भरण्याची पद्धत आणि शेतीच्या वाहनांना दिलेली सवलत ही प्रत्येक राज्य ठरविते. एका राज्याने दिलेली सवलत दुसऱ्या राज्यावर बंधनकारक नसते. राज्यांचे कर कायदे साधारणपणे 'राज्यात वापरलेल्या किंवा वापरासाठी ठेवलेल्या' वाहनावर कर बसवितात. म्हणून पूर्ण हंगाम पलीकडच्या कारखान्याला वाहतूक करणाऱ्याने तेथील प्रादेशिक परिवहन कार्यालयात आधी चौकशी करावी. कर भरला असल्यास त्याची पावती गाडीत ठेवावी.

२) परमिट : येथे शेतीचा वापर आणि भाड्याचा वापर यांतील फरक समजून घेतला पाहिजे. केंद्रीय नियमांत शेतीचा ट्रॅक्टर हे बिगर-वाहतूक वाहन मानले आहे. परंतु तोच ट्रॅक्टर ट्रॉली जोडून दुसऱ्याचा माल भाड्याने नेऊ लागला की तो व्यवसाय झाला. कायद्यातील मालवाहू वाहनाच्या व्याख्येत, मुळात मालासाठी न बांधलेले पण मालासाठी वापरलेले वाहनही येते. अशा वेळी कलम ६६ प्रमाणे परमिटचा प्रश्न उपस्थित होतो.

एका राज्याने दिलेले परमिट दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. कलम ८८ प्रमाणे त्यावर त्या राज्याची प्रतिस्वाक्षरी लागते, किंवा दोन राज्यांत तसा करार असावा लागतो. हंगामी धंद्यासाठी कलम ८७ मध्ये तात्पुरत्या परमिटची सोय आहे. ते जास्तीत जास्त चार महिन्यांचे असते. दुसऱ्या राज्याच्या संमतीने ते तेथेही लागू करून घेता येते. परमिटशिवाय धंदा केल्यास कलम १९२अ प्रमाणे १०,००० रुपये दंड व सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. म्हणून कारखान्याशी वाहतुकीचा करार करतानाच परमिट कोणी काढायचे, हे लिहून घ्यावे.

३) रस्त्यावरील बंदी व निर्बंध : कलम ११५ प्रमाणे सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याच्या व पुलाच्या स्थितीमुळे राज्य शासन एखाद्या रस्त्यावर ठरावीक वाहनांना किंवा ट्रॉली जोडण्यालाच मनाई करू शकते. अशी मनाई कायमची, ठरावीक दिवसांपुरती किंवा ठरावीक वेळेपुरती असू शकते. गेल्या वर्षी मोकळा असलेला पूल यंदा जड वाहनांना बंद असू शकतो. म्हणून हंगामाच्या सुरुवातीस मार्गाची चौकशी करावी. एका ट्रॅक्टरला दुसरी ट्रॉली जोडण्यापूर्वीही ज्या ज्या राज्यातून जायचे तेथील नियम पाहून घ्यावेत. एका राज्यात चालविले म्हणून दुसऱ्यात चालेलच असे नाही.

४) दंडाची रक्कम : ही बाब शेतकऱ्यांना सर्वांत जास्त गोंधळात टाकते. दंडाची कलमे केंद्राची असली तरी, गुन्हा न्यायालयात न नेता जागेवर मिटविण्याची तडजोड रक्कम कलम २०० प्रमाणे राज्य शासन अधिसूचनेने ठरविते. शिवाय कलम २१०अ प्रमाणे राज्य शासन दंडाला एक ते दहा पटीपर्यंतचा गुणक लावू शकते. त्यामुळे एकाच चुकीला दोन राज्यांत वेगळी रक्कम भरावी लागू शकते. यात फसवणूक झाली असे लगेच समजू नये. मात्र पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत आणि पावतीवर कोणते कलम लिहिले आहे ते वाचून घ्यावे.

जादा वजनाचा हिशोब

१ सप्टेंबर २०१९ पासून कलम १९४ मधील दंड वाढला आहे. जादा वजनासाठी मूळ दंड २०,००० रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनास २,००० रुपये अशी तरतूद आहे. एक उदाहरण पाहू.

समजा, नोंदणी पुस्तकात ट्रॉलीचे रिकामे वजन २ टन आणि भरलेले एकूण वजन ८ टन लिहिले आहे. म्हणजे ऊस ६ टनच भरता येतो. त्यात ९ टन ऊस भरला तर ३ टन जादा झाले. दंड होईल २०,००० अधिक ६,००० म्हणजे २६,००० रुपये. ३ टन जादा उसाचे वाहतूक भाडे किती मिळते, हे वाचकांनी स्वतःच मांडून पाहावे. म्हणजे जादा भरण्यात फायदा आहे की तोटा, हे लक्षात येईल.

दंड भरला म्हणजे सुटका झाली असेही नाही. जादा माल उतरविल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही व उतरविण्याचा खर्च मालकावर असतो. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळपास गेला पाहिजे. उशिराने वजन व उतारा दोन्ही घटतात. वजन करून देण्यास किंवा गाडी थांबविण्यास नकार दिल्यास दंड ४०,००० रुपये आहे. ट्रॉलीच्या कडेने, मागे किंवा मर्यादेपेक्षा उंच ऊस बाहेर आल्यासही २०,००० रुपयांची तरतूद आहे. आडव्या मोळ्या कडेबाहेर काढून थर वाढविण्याची पद्धत यासाठीच सोडली पाहिजे. हा दंड चालकाबरोबरच, तसे करू देणाऱ्या मालकावरही येतो, हे विसरू नये.

पलीकडची जुनी ट्रॉली घेताना

सीमाभागात जुन्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचे व्यवहार बऱ्याचदा स्टँप पेपरवर लिहून पूर्ण झाले असे मानतात. हे धोक्याचे आहे. वाहन त्याच राज्यात विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि दुसऱ्या राज्यात विकल्यास ४५ दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे लागते. घेणाऱ्यास ३० दिवसांची मुदत आहे. दुसऱ्या राज्यातील व्यवहारास मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते.

ज्याच्या नावावर नोंदणी आहे तोच मालक, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला आहे. म्हणजे आपण विकलेल्या ट्रॅक्टरने चार वर्षांनी पलीकडे अपघात केला आणि नाव आपलेच राहिले असेल, तर भरपाईची नोटीस आपल्याच दारी येईल. विकणाऱ्याने नाव उतरविल्याशिवाय आणि घेणाऱ्याने चॅसिस क्रमांक पुस्तकाशी ताडून पाहिल्याशिवाय व्यवहार पुरा समजू नये.

विमा : ट्रॅक्टरचा वेगळा, ट्रॉलीचा वेगळा

तृतीय पक्ष विमा सर्व राज्यांत सक्तीचा आहे. विमा नसल्यास पहिल्या वेळी २,००० व पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड आहे. पण खरा प्रश्न दंडाचा नाही, अपघाताच्या भरपाईचा आहे. विमा घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

अ) विमापत्रात ट्रॅक्टरबरोबर ट्रॉलीचा क्रमांक लिहिलेला आहे काय? दोन ट्रॉल्या असतील तर दोन्ही लिहून घ्याव्यात.

ब) वापर कोणता लिहिला आहे? फक्त शेतीकाम असे लिहिले असून अपघात भाड्याच्या फेरीत झाला, तर कंपनीस जबाबदारी नाकारण्यास कारण मिळते.

क) ऊसतोड टोळीस ट्रॉलीत किंवा उसाच्या थरावर बसवून नेऊ नये. ट्रॉली मालासाठी आहे, माणसांसाठी नाही. ट्रॅक्टरवरही चालकाखेरीज दुसऱ्याने बसू नये. मडगार्ड ही बसण्याची जागा नव्हे. अशा बसलेल्या माणसास इजा झाल्यास विम्याचे संरक्षण मिळत नाही आणि संपूर्ण भरपाई मालकावर येऊ शकते. मजुरांना आणण्यासाठी प्रवासी वाहन करावे. त्याचा खर्च एका अपघाताच्या भरपाईपुढे काहीच नाही.

इतर देशांत काय चालते?

राज्यागणिक नियम बदलणे ही केवळ आपल्याकडचीच गोष्ट नाही. अमेरिकेत लोक मोटारीमागे राहण्याची खोली असलेले ट्रेलर जोडून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात सहलीला जातात. तेथे ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक केव्हा लावायचा हे प्रत्येक राज्य ठरविते. कॅलिफोर्नियात १,५०० पौंड म्हणजे सुमारे ६८० किलो एकूण वजनापासून ब्रेक लागतो, तर टेक्ससमध्ये ही मर्यादा ४,५०० पौंड म्हणजे सुमारे २,०४० किलो आहे. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनास ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने जाता येत नाही. ब्रिटनमध्ये ७५० किलोपेक्षा जास्त वजनाच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचा आहे.

या आकड्यांतून आपण घेण्यासारखा धडा वेगळाच आहे. तेथे पाऊण टनाच्या ट्रेलरलाही ब्रेक मागतात, आणि आपल्याकडे त्याच्या कित्येक पट वजनाची ट्रॉली केवळ ट्रॅक्टरच्या ब्रेकवर उतार उतरते. निपाणीजवळचा तवंदी घाट किंवा आंबोली घाट उतरताना मागचे वजन ट्रॅक्टरला पुढे ढकलते. त्या वेळी ट्रॅक्टरचे ब्रेक पुरे पडत नाहीत, ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली त्याच्यावर चढते. म्हणून नवीन ट्रॉली घेताना ब्रेक असलेलीच घ्यावी आणि जुन्या ट्रॉलीचे ब्रेक हंगामापूर्वी दुरुस्त करून घ्यावेत.

रस्त्यावर घ्यावयाची काळजी

१) शेतात ट्रॅक्टरची डावी-उजवी ब्रेक पेडले वेगळी वापरतात. रस्त्यावर येण्यापूर्वी ती खटक्याने एकमेकांस जोडावीत. एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर जागेवर फिरतो.

२) उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करू नये.

३) ट्रॉलीच्या हुकाची पिन योग्य जाडीची असावी व तिला खालून खिट्टी लावावी. पिन तुटली तरी ट्रॉली सुटून जाऊ नये म्हणून जोडीला मजबूत साखळी असावी.

४) ट्रॉली नेहमी ओढण्याच्या हुकालाच जोडावी. वरच्या जागी साखळी बांधून ओढल्यास चढाला पुढची चाके उचलतात.

५) ट्रॉलीच्या मागे तांबडे दिवे, रिफ्लेक्टर व चकाकणारी पट्टी असावी. लोंबणाऱ्या वाढ्यांनी ती झाकली जाणार नाही हे पाहावे. भरलेली ट्रॉली रात्री रस्त्यावर बंद पडल्यास ती शक्यतो कडेला घ्यावी आणि मागे पुरेशा अंतरावर चमकणारी खूण ठेवावी. केवळ दगड मांडू नयेत आणि मांडलेले दगड गाडी निघाल्यावर रस्त्यावर सोडू नयेत.

६) मोठ्या आवाजात टेप लावून गाडी चालवू नये. मागून येणाऱ्या वाहनाचा हॉर्न ऐकू न आल्याने अपघात होतात.

हंगामापूर्वीची तपासणी यादी

बॉयलर पेटण्यापूर्वी पुढील कागदपत्रे एका पिशवीत लावून ठेवावीत : ट्रॅक्टर व प्रत्येक ट्रॉलीचे नोंदणी पुस्तक, विमापत्र, चालकाचा परवाना, कराची पावती, लागू असल्यास परमिट, कारखान्याशी झालेला वाहतूक करार आणि ऊस कोणाच्या शेतातील आहे हे दाखविणारी तोडीची चिठ्ठी. नोव्हेंबर २०१८ च्या नियम दुरुस्तीप्रमाणे डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या शासकीय ॲपमधील कागदपत्रे मोबाईलवर दाखविली तरी ती सर्व राज्यांत ग्राह्य आहेत. मोबाईलवर काढलेला साधा फोटो मात्र त्यात धरला जात नाही. सीमेपलीकडे जाणाऱ्या चालकास ॲप कसे उघडायचे ते आधी शिकवून ठेवावे.

ट्रॉलीच्या फाळक्यावर आतील बाजूस, नोंदणी पुस्तकाप्रमाणे किती टन ऊस भरता येतो हा आकडा रंगाने लिहून ठेवावा. भरणी करणाऱ्या टोळीला तो समोर दिसला म्हणजे मुकादमाशी वाद घालावा लागत नाही. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत किती थराला किती वजन बसते हे काट्यावर पाहावे आणि त्या उंचीला खूण करावी. पुढचा सारा हंगाम त्या खुणेपर्यंतच भरावे.

शेतकरी बंधूंनो, ऊस महाराष्ट्रात पिकला काय किंवा कर्नाटकात गाळला काय, नोंदणी, परवाना, विमा आणि वजन या चार गोष्टी नीट असतील तर सीमेवर घाबरण्याचे कारण नाही. कर, परमिट, रस्त्यावरील मनाई आणि तडजोडीची रक्कम या चार गोष्टी राज्यागणिक बदलतात. त्यांची चौकशी जाण्यापूर्वी कोल्हापूर किंवा चिक्कोडी येथील परिवहन कार्यालयात करून घ्यावी. वर्षभर राबून पिकविलेला ऊस काट्यापर्यंत सुखरूप पोहोचविणे आणि चालकाला रात्री सुखरूप घरी आणणे, हाही शेतीच्या नियोजनाचाच भाग आहे.